बास विणीला बसण्याआधी

वसंतात बास कुठे मिळतो असं न्यू जर्सीत कुणालाही विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं. मे महिन्यात तळ्याच्या उथळ कोव्हमध्ये, म्हणजे काठात आत शिरलेल्या पाण्यात जा, काठालगत तळावर पांढुरके गोल चट्टे दिसतील, त्यांवर मासा पहारा देत असेल, त्याच्या तोंडापुढे आमिष सोडा, तो घेईलच. यात खोटं काही नाही. मासा डोळ्यांना दिसतो, गळाला लागतो आणि नवख्या माणसाला पहिल्याच फेरीत बास हातात धरून फोटो काढता येतो. तरीही एडिसन-पार्सिपनीकडच्या मराठी घरांतून जी मंडळी या छंदाकडे वळली आहेत, त्यांनी हा सल्ला बाजूला ठेवावा असं मला ठामपणे वाटतं. त्या चट्ट्यांवरचा मासा घरटं राखत असतो. त्याला राखू द्यावं आणि आपली सगळी मेहनत त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांवर लावावी. त्या दिवसांत मासा भुकेला असतो, अंड्यांनी जड झालेली मोठी मादी गळाला लागण्याची शक्यता वर्षभरात तेव्हाच सर्वांत जास्त असते, आणि पाणी बघून मासा कुठे असेल हे ताडायची सवयही तेव्हाच लागते.

उदाहरणादाखल लेक हॉपॅटकाँग घेऊ. मॉरिस आणि ससेक्स काउंटींच्या हद्दीवरचं, सुमारे २,५०० एकरांचं हे राज्यातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं तळं. मुळात इथे दोन लहान तळी होती. मस्कोनेटकाँग नदीवर बांध घालून ती एक झाली आणि एकोणिसाव्या शतकात मॉरिस कालव्याला इथूनच पाणी पुरवलं जाई. बांध दक्षिण टोकाला, स्टेट पार्कात आहे आणि ज्यांच्याकडे बोट नाही त्यांना काठावरून गळ टाकायला तीच सोयीची जागा. सर्वांत खोल ठिकाणी पाणी पन्नास फुटांच्या वर जातं, पण तळ्याचा बराच भाग वीस फुटांच्या आतला आहे, आणि पश्चिमेकडचे रिव्हर स्टिक्स, क्रेसेंट कोव्ह यांसारखे भाग तर अगदी उथळ आहेत. काठावरचे खासगी धक्के बर्फाने मोडू नयेत म्हणून दर हिवाळ्यात पाण्याची पातळी दोन फुटांहून थोडी अधिक उतरवतात, दर पाच वर्षांनी एकदा पाच फुटांपर्यंत. वसंतात तळं पुन्हा भरत आणतात. म्हणून मार्चमध्ये कोरडा दिसलेला काठ मे महिन्यात बासच्या विणीची जागा असू शकतो. पाणी उतरलेलं असताना एकदा काठाने चालून खडी कुठे आहे, चिखल कुठे आहे, बुंधे कुठे बुडतात हे बघून ठेवलं तर पुढे फार उपयोगी पडतं.

आता मुख्य मुद्दा, तापमानाचा. पाणी सर्वांत जड असतं ते साधारण ३९ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४ अंश सेल्सिअसला. त्यामुळे बर्फाखालच्या तळ्यात तळाचं पाणी वरच्यापेक्षा किंचित उबदार असतं आणि बास हिवाळाभर तिथेच, फारशी हालचाल न करता पडून असतो. बर्फ गेला आणि वारा लागला की सगळं पाणी ढवळून एकसारखं होतं, मग ऊन वरचे थर तापवू लागतं, आणि उथळ भाग सर्वांत आधी तापतो. बासच्या अंगाची ऊब पाण्याइतकीच असते. पाणी तापलं की त्याचं पचन वेगावतं, भूक वाढते. पंचेचाळीस ते पन्नास अंश फॅरनहाइटला तो खोल पाण्यातून निघून कोव्हच्या दिशेने सरकू लागतो. पन्नासच्या पुढे तो कोव्हच्या तोंडाशी, आठ-दहा फुटांवरून तळ झपकन खाली जातो अशा कडेला थांबतो. पंचावन्न ते साठच्या दरम्यान तो दुपारी आत येऊन भरपूर खातो आणि रात्री पुन्हा कडेला जातो. साठ ओलांडलं की नर घरटी करायला लागतात. बासच्या इथल्या दोन जातींपैकी स्मॉलमाऊथ हे सगळं लार्जमाऊथच्या थोडं आधी करतो. हॉपॅटकाँगवर पन्नास अंश साधारण एप्रिलच्या मध्याला येतात आणि घरटी मे महिन्यात दिसतात, पण ‘साधारण’ या शब्दावर भिस्त ठेवून सुट्टी टाकू नये. एखाद्या वर्षी एप्रिलचा पहिला आठवडा उन्हाळी जातो, एखाद्या वर्षी पावसाची झड महिनाभर हटत नाही, आणि एकाच दुपारी मधल्या पाण्यात आणि आडोशाच्या कोव्हमध्ये सहा-सात अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून तारीख नव्हे, थर्मामीटर बघावा.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात आणि तो विचारात घ्यायला हवा. माशाच्या अंगात अंडी तयार होतात ती वाढत्या दिवसामुळे, नुसत्या उबेमुळे नाही. मग तारखेला काहीच किंमत नाही असं कसं म्हणता येईल? किंमत आहेच. दिवस किती मोठा झाला यावरून माशाच्या शरीराची तयारी ठरते, म्हणूनच फेब्रुवारीतल्या चार उबदार दिवसांनी कुणी घरटं करायला जात नाही. पण दिवसाची लांबी दर वर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. यंदा मासा गेल्या वर्षीपेक्षा दहा दिवस उशिरा का आला, किंवा आज या कोव्हमध्ये आहे आणि शेजारच्या कोव्हमध्ये का नाही, हे तिच्यावरून कळायचं नाही. गळ टाकणाऱ्याला रोज पडणारा प्रश्न हा दुसरा आहे, आणि त्याचं उत्तर थर्मामीटर देतो.

तो वापरायचा कसा, हे थोडं तपशिलात सांगतो, कारण चूक इथेच होते. बोटीवरच्या फिशफाइंडरवर जे तापमान दिसतं ते पृष्ठभागालगतचं असतं. वारा नसलेल्या दुपारी वरचं वीतभर पाणी चार-पाच अंशांनी जास्त तापलेलं असू शकतं आणि त्याखाली सगळं थंड. म्हणून साध्या थर्मामीटरला वजन आणि चार फूट दोरी बांधावी, तो तेवढा खाली सोडून दोन मिनिटं थांबावं, आणि वर खेचताच वाचावा. वरच्या पाण्यात रेंगाळला की आकडा बदलतो. शक्यतो सकाळी मोजावं, कारण सकाळचा आकडा म्हणजे रात्रभरात निवून उरलेली ऊब. तारीख, वेळ, जागा आणि वारा कुठून होता हे वहीत टिपावं. एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक सांगते. सलग तीन दिवस चढत चढत त्रेपन्नावर आलेलं पाणी उत्तम; अठ्ठावन्नावरून एका थंड रात्रीत त्रेपन्नावर उतरलेलं पाणी जवळजवळ रिकामं वाटतं, कारण मासा मागे कडेला जाऊन तोंड मिटून बसलेला असतो. वायव्य कोपऱ्यातले कोव्ह बहुधा आधी तापतात, तिथे थंड वायव्य वाऱ्याला आडोसा असतो आणि ऊन दिवसभर मिळतं. दोन दिवस दक्षिणेचा वारा वाहिला तर वरचं उबदार पाणी उत्तर काठाला लोटलं जातं, तेव्हा आधी तो काठ बघावा.

जागा कळली की आमिषाचा प्रश्न अर्धा सुटतो. पन्नासच्या आतबाहेर पाणी असताना पाण्यात न बुडता न तरंगता अधांतरी राहणारा जर्कबेट घ्यावा, रॉडच्या टोकाने दोन हलके झटके द्यावेत, आणि मग पाच ते दहा सेकंद हात अगदी स्थिर ठेवावा. बहुतेक मासे या थांब्यातच घेतात. थंड पाण्यात टोला जाणवत नाही. दोरी नुसती जड होते, किंवा जिथे होती तिथून वीतभर बाजूला सरकते. म्हणून नजर दोरी पाण्यात शिरते त्या बिंदूवर हवी. पंचावन्नच्या पुढे तळावरून सावकाश ओढलेला जिग किंवा संथ फिरवलेला स्पिनरबेट चालतो. गेल्या वर्षीच्या पाणवनस्पतीचा जो पट्टा अजून हिरवा आहे, त्याची खोल पाण्याकडची कड आधी बघावी. कोव्हच्या तोंडाशी असलेल्या धक्क्यांचे खांबही. दहा-बारा पौंडांची फ्लोरोकार्बन लाइन पुरे. गळाचा काटा पकडीने चेपून घ्यावा, म्हणजे मासा सोडताना जबडा फाटत नाही. आणि या दिवसांत बोटीवर लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसावं, बाकाखाली ठेवून नाही. पन्नास अंशांच्या पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटातच श्वास बिघडतो. उत्तम पोहणाराही त्या मिनिटात बुडू शकतो.

मग साठ अंश ओलांडतात आणि ते चट्टे दिसू लागतात. एक ते चार फूट पाण्यात नर शेपटीने गाळ झाडून खालची खडी किंवा मुळं उघडी करतो. चट्टा साधारण दोन फूट रुंद होतो. मादी येते, अंडी घालते आणि थोड्याच वेळात खोल पाण्याकडे निघून जाते. अंडी हजारोंनी असतात. पुढचं सगळं एकट्या नराकडे. पाण्याच्या उबेप्रमाणे तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात, आठवडाभरात पिल्लं घरट्यातून वर येतात, आणि काळसर ढगासारख्या त्यांच्या घोळक्याभोवती नर आणखी काही आठवडे फिरत राहतो. या काळात तो जवळपास काही खात नाही. आपल्याकडे मरळ पाहिलेल्यांना हे वागणं ओळखीचं वाटेल. मरळीची जोडीसुद्धा पिल्लांचा घोळका असाच राखते. घरट्यापासून दोन-चार फुटांवर ब्लूगिलसारखे छोटे सनफिश ताटकळत असतात. नर एका बाजूला वळला की दुसऱ्या बाजूने एखादा आत घुसतो, एक घास घेतो आणि पळतो. नर त्याला हुसकून क्षणात जागेवर परततो. समोर पडलेलं आमिषही तो याच कारणाने तोंडात धरतो, बाहेर नेऊन टाकायला. भूक तिथे नसतेच. म्हणून घरट्यावर बास धरून ऋतू, खोली, वारा यांबद्दल काही शिकायला मिळत नाही. शिवाय दिसणारा हा पहारेकरी बहुधा लहान चणीचा नर असतो. मोठ्या बासचा फोटो हवा असलेल्यांना मादी हवी असते, आणि ती तर केव्हाच निघून गेलेली असते.

“पण आम्ही लगेच सोडतोच की,” हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते प्रामाणिकपणे दिलं जातं. मासा सुटतो हे खरं. घरट्याचं काय होतं ते मात्र वेगळं बघावं लागतं. इलिनॉय नॅचरल हिस्टरी सर्व्हेचे डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ओंटारिओत घरट्यांवरचे नर गळाने धरून परत सोडले आणि पुढे काय होतं ते पाहिलं. १९९७ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नर जितका जास्त वेळ बाहेर, तितकी जास्त अंडी आणि पिल्लं खाल्ली जातात. आणि पिल्लं जितकी कमी उरतात, तितका नर घरटं सोडून देण्याचा संभव वाढतो. यात क्रौर्य कुणाचंच नाही. झुंजून दमलेला मासा परतायला वेळ घेतो आणि सनफिशांना तेवढी मिनिटं पुरतात. लाइव्हवेलमध्ये, म्हणजे बोटीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवून, वजन करून, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला सोडलेल्या माशाचं घरटं तर संपल्यातच जमा. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने हा धोका ओळखून नियमच केला आहे: स्पष्ट दिसणाऱ्या बासच्या घरट्यावर मासा धरण्यासाठी पुन्हा पुन्हा गळ टाकणं तिथे बेकायदा आहे. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून बास घरी न्यायला बंदी आहे, धरला तर लगेच सोडावा लागतो; पण घरट्यावर गळ टाकू नका असं इथला नियम म्हणत नाही. तिथून पुढचं आपल्या विवेकावर आहे.

सर्वांत भक्कम आक्षेप यापुढचा आहे. एका घरट्यात हजारो पिल्लं, त्यांतली बहुतेक एरवीही मरतात. थोडी घरटी यशस्वी झाली तरी तळं भरतं. मग काही घरटी मोडल्याने काय बिघडतं? दक्षिणेकडच्या मोठ्या जलाशयांपुरतं हे म्हणणं बरंच टिकतं. तिथे विणीचा हंगाम लांबतो आणि घरट्यांवरच्या मासेमारीमुळे एकूण संख्या घटली असं ठोसपणे दाखवता आलेलं नाही. माझा मुद्दा संख्येवर थांबत नाही. इलिनॉयमधल्या रिज लेकवर वर्षानुवर्षं प्रत्येक धरलेल्या बासची नोंद ठेवली गेली, आणि १९८० मध्ये तळं रिकामं केलं तेव्हा सुमारे दोनशे मासे असे निघाले की जे एकदाही गळाला लागले नव्हते. वारंवार सापडलेल्यांची आणि कधीच न सापडलेल्यांची वेगवेगळी वीण करून तीन पिढ्या पाहिल्या, तेव्हा गळाला लागण्याचा स्वभाव वारशाने उतरतो हे स्पष्ट झालं. २००९ मध्ये तो अभ्यास छापून आला. २०१२ मध्ये याच वंशांवरच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली: जे नर गळाला सहज लागतात तेच घरटं अधिक नेटाने राखतात आणि त्यांचीच पिल्लं अधिक जगण्याची शक्यता असते. म्हणजे घरट्यावरची मासेमारी घरटी सरसकट मोडत नाही; ती सर्वांत चांगल्या बापांची घरटी निवडून मोडते. तळ्यातल्या बासची संख्या तीच राहिली तरी त्यांतून आमिषावर धावून येणारे मासे पिढ्यांगणिक कमी होत जाण्याचा हा मार्ग आहे, आणि त्याचं नुकसान गळ टाकणाऱ्यालाच सोसावं लागतं. हॉपॅटकाँगसारख्या उत्तरेकडच्या तळ्यात विणीला जेमतेम काही आठवडे मिळतात; मोडलेलं घरटं पुन्हा मांडायला तिथे फारसा अवधी उरत नाही.

आपल्या घरांतून येणारा प्रश्न मात्र निराळा असतो. खायचा नाही तर मासा धरायचा कशाला? आणि कोकणात पहिल्या पुराला चढणीचे मासे धरतातच की, तेही अंड्यांनी भरलेले. चढणीच्या माशांची चव आणि त्यांच्याभोवतीचा उत्साह मला नाकारायचा नाही. पण त्याच किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी विणीसाठीच बंद असते आणि नारळी पौर्णिमेआधी होडी समुद्रात न लोटण्याची रीत तर कायद्याहून जुनी आहे. विणीच्या वेळी हात आवरणं ही अमेरिकेतून आलेली कल्पना नाही. खाण्याचं म्हणाल तर बास ताटात यावा असा मासाच नाही. तो शिकारी, दीर्घायुषी. लहान माशांतला पारा त्याच्या मांसात साठत जातो, आणि न्यू जर्सीच्या आरोग्यविषयक सूचना गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी बासबाबत विशेष कडक आहेत. तळणीसाठी यलो पर्च आणि सनफिश धरावेत. दोन्ही लहान आकाराचे आणि चवीला गोड. हळद-तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून उत्तम होतात. राज्य सरकार वसंतात ट्राउट सोडतं तेही खाण्यासाठी धरायला हरकत नाही. वय सोळा पूर्ण असेल तर परवाना लागतो. ट्राउटसाठी त्यावर वेगळा शिक्का घ्यावा लागतो.

राहता राहिला प्रश्न मे महिन्यातल्या त्या तीन-चार आठवड्यांचा, जेव्हा कोव्हमध्ये जिकडेतिकडे घरटी दिसतात. गळ घरी ठेवायची गरज नाही. तळ्यातले सगळे बास एकाच दिवशी विणीला बसत नाहीत. उथळ कोव्हमधली घरटी भरलेली असतात तेव्हा मधल्या, थंड पाण्यालगतचे मासे अजून कडेवर खात असतात, आणि विणून परतलेल्या माद्याही तिथेच, पहिल्या उतारावर सुस्तावून थांबलेल्या असतात. ध्रुवीकृत भिंगांचा चष्मा लावून आधी काठ न्याहाळावा. चट्टा दिसला की त्याकडे पाठ करून बोटीची किंवा काठावरची जागा अशी घ्यावी की गळ दहा-बारा फूट खोल पाण्याकडे पडेल. चुकून नर लागलाच तर त्याला पाण्याबाहेर न काढता, ओल्या हाताने पकडीत काटा धरून फिरवावा आणि त्याच जागी सोडावा. मोठी मादी लागली तर तिला नुसत्या जबड्याने उभी लोंबकळत धरू नये. दुसरा हात पोटाखाली द्यावा, आडवी धरावी, आणि फोटो घेणाऱ्याने कॅमेरा आधीच तयार ठेवावा.